मुरमांवर लेझर : प्रकाश नेमका कशावर पडतो?

ओंकार इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याची आत्या त्वचारोगतज्ज्ञ; बरीच वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शिकवून आता डोंबिवलीत स्वतःचा दवाखाना चालवते. कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर आलेत आणि मुरमांनी वैतागलेला ओंकार एका स्किन क्लिनिकचं पत्रक घेऊन तिच्याकडे आला आहे.

ओंकार : आत्या, हे वाच. ‘ॲडव्हान्स्ड लेझर ॲक्ने थेरपी’. सहा सिटिंग, हप्त्यांची सोय, वर ‘एफडीए मान्यताप्राप्त’. इंटरव्ह्यूच्या आत चेहरा साफ होईल म्हणतात. पैसे भरून टाकू का?

आत्या : आधी खिडकीकडे तोंड कर. चष्मा काढ. हे कपाळावरचे काळे-पांढरे ठिपके, बोट फिरवलं की खरखरीत लागतात, ते कॉमेडोन. गालावर लाल पुटकुळ्या, काहींच्या टोकाला पू. आणि जबड्याच्या कडेला या गाठी... दाबल्यावर दुखतंय?

ओंकार : दाढी करताना जीव जातो.

आत्या : या खोल गाठी म्हणजे नोड्यूल. पाठीवरही आहेत, टी-शर्टाला डाग पडतात तुझ्या. शिवाय इथे गालावर दोन खड्डे पडायला सुरुवात झाली आहे. म्हणजे तुझे मुरूम मध्यम ते तीव्र या गटातले. आता वेळ घालवून चालणार नाही, कारण मुरूम जातात, खड्डे राहतात. बरं, तोंडाला काय काय लावलंस आजवर?

ओंकार : फेसवॉश, कोरफड... आणि मधे रूममेटने दिलेली एक ट्यूब. तिने आठवड्यात फरक पडला होता. बंद केल्यावर मात्र दुप्पट आले.

आत्या : वाटलंच. स्टेरॉइडची ट्यूब. आधी लाली उतरते, चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि मग तेच औषध मुरूम वाढवतं. २०१८ साली सरकारने ही लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती हातोहात फिरतात. ती ट्यूब आजच कचऱ्यात टाक. आता तुझं पत्रक बघू. यात यंत्र कोणतं ते कुठे लिहिलंय?

ओंकार : लिहिलंय की. लेझर.

आत्या : अरे, तू इन्स्ट्रुमेंटेशनचा ना? नुसतं ‘मीटर आहे’ म्हटलं तर तुला चालेल? तरंगलांबी किती, ऊर्जा किती, कूलिंग कसलं, यातलं काहीच नाही इथे. मुरमांच्या यंत्रांची तुलना करायची तर दोनच प्रश्न धरून चाल. पहिला : या यंत्राची ऊर्जा त्वचेत नेमकी कशावर पडते? दुसरा : ते कशाशी ताडून तपासलंय?

ओंकार : पहिल्यापासून सुरू कर. पडण्यासारखं आहे तरी काय आत?

आत्या : केसाच्या मुळाला चिकटून तेलाची ग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे ती जास्त तेल करायला लागते. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो. तुंबलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू वाढतात. आणि या सगळ्याला शरीर जे उत्तर देतं तो दाह. लाली, सूज, पू, गाठ हे सगळं त्यातलं. चार गोष्टी झाल्या. कुठलंही यंत्र यातल्या एकीला किंवा दोघींना हात घालतं. चारही एका यंत्राने होत नाहीत.

ओंकार : आणि प्रकाशाला कसं कळतं कुठे थांबायचं?

आत्या : रंगावरून. बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याचं सूत्र मांडलं. जे जाळायचंय ते शोषून घेईल आणि शेजारचं शोषणार नाही अशी तरंगलांबी निवडायची. आणि झोत इतका थोडा वेळ द्यायचा की उष्णता शेजाऱ्यापर्यंत पसरायच्या आत काम उरकावं. आजचे बहुतेक त्वचेचे लेझर या सूत्रावर चालतात.

ओंकार : सिलेक्टिव्ह फिल्टरच की. मग जंतूंना कोणता रंग लागतो?

आत्या : निळा. हे जंतू स्वतःच पॉर्फिरिन नावाची द्रव्यं बनवतात. वूड्स लॅम्पखाली कधी चेहरा बघितलायस? खोली पूर्ण अंधारी करायची आणि नाकावर तो जांभळट दिवा धरायचा. छिद्राछिद्रात नारिंगी-तांबडे ठिपके चमकायला लागतात. ते पॉर्फिरिन. ते ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश जोरात शोषतं, त्यातून ऑक्सिजनचं एक आक्रमक रूप तयार होतं आणि जंतू आपल्याच द्रव्याने मरतो. लाल प्रकाश पॉर्फिरिनला तेवढा चालत नाही, पण तो खोल जातो आणि दाह थोडा उतरवतो. म्हणून दोन्ही एकत्र देतात.

ओंकार : आणि गुण येतो?

आत्या : २००० साली ब्रिटनमधला एक अभ्यास गाजला. १०७ रुग्ण. काहींना निळा-लाल एकत्र, काहींना नुसता निळा, काहींना पांढरा प्रकाश आणि काहींना बेंझॉइल पेरॉक्साइडचं क्रीम. निळा-लाल घेणाऱ्यांचे दाहक मुरूम बारा आठवड्यांत सरासरी ७६ टक्क्यांनी कमी झाले. पण त्या रुग्णांचे मुरूम सौम्य ते मध्यम होते. निळा प्रकाश त्वचेत धड मिलिमीटरभरही उतरत नाही. तुझ्या जबड्याखालच्या गाठीपर्यंत तो पोचणारच नाही.

ओंकार : मग ऑनलाइन मिळणारे ते एलईडी मास्क?

आत्या : तेच तंत्र, पण शक्ती आणखी कमी. थोड्याशा पुटकुळ्या असतील तर मदत होते. डोळे सांभाळायचे. अमेरिकेत २०१९ मध्ये असा एक खूप खपलेला मास्क कंपनीने स्वतःहून परत मागवला, कारण डोळ्यांचे काही आजार असलेल्यांना आणि प्रकाश सहन होऊ न देणारी औषधं घेणाऱ्यांना धोका होता. तुझ्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तुझा रंग.

ओंकार : काळा नाही मी.

आत्या : गोरापान युरोपियनही नाहीस. फिट्झपॅट्रिकच्या मोजपट्टीवर तू चौथ्या-पाचव्या प्रकारात बसशील, आपल्यातले बहुतेक तिथेच असतात. २०१४ मध्ये फ्रान्सच्या एका गटाने निरोगी माणसांच्या पाठीवर ४१५ नॅनोमीटरचा निळा आणि ६३० चा लाल प्रकाश टाकून पाहिला. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर निळ्याने काळपट डाग उमटले, ते तीन महिन्यांपर्यंत टिकले. लालने काही झालं नाही. म्हणजे ज्या निळ्याने जंतू मरतो, तोच निळा आपल्याकडे डागही पाडू शकतो.

ओंकार : मेलॅनिनमुळे?

आत्या : हो, आणि ही अडचण निळ्यापुरती नाही. सकाळच्या जलद लोकलच्या दारात माणसं लटकलेली असली की आत जागा असूनही तुला शिरता येत नाही ना? मेलॅनिन वरच्या थरात तसं दारात उभं असतं. दृश्य प्रकाशाचा बराच भाग तेच शोषून घेतं. आत कमी पोचतं आणि वरची त्वचा तापते. ती तापली की भाजणं, नाहीतर काळे डाग. यंत्रं गोऱ्या रुग्णांवर तपासलेली असतात आणि विकली इथे जातात, तेव्हा हाच प्रश्न आधी विचारावा लागतो.

ओंकार : यात खाली बारीक अक्षरात आयपीएल आणि कार्बन पील लिहिलंय.

आत्या : दाखव. हं, म्हणजे हे खरं पॅकेज. आयपीएल हे मुळात लेझरच नव्हे. तो अनेक तरंगलांबींचा फ्लॅश असतो आणि समोर फिल्टर लावून त्यातला पट्टा निवडतात. थोडा जंतूंवर, थोडा रक्तवाहिन्यांवर, थोडा मेलॅनिनवर, असा सगळीकडे तो पडतो. लाली उतरते. पण सावळ्या त्वचेवर हात जपून चालवावा लागतो.

ओंकार : आणि कार्बन पील?

आत्या : चेहऱ्याला कोळशाचं काळं लोशन लावतात आणि १०६४ नॅनोमीटरच्या क्यू-स्विच्ड लेझरने ते उडवतात. तडतड आवाज येतो, जळका वास येतो, काजळी उडताना दिसते. बाहेर आल्यावर चेहरा तुकतुकीत. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात लोक करतात ते यासाठी. १०६४ मेलॅनिन तितकंसं शोषत नाही, म्हणून आपल्या त्वचेला ते त्यामानाने सोसतं. पण गाठीवाल्या मुरमांवर त्याचा भरवसा धरावा असे मोठे, नीट तुलना केलेले अभ्यास नाहीत.

ओंकार : तू सारखी तुलना म्हणतेस. आधीचा फोटो, नंतरचा फोटो हे पुरेसं नाही? यांच्या वेबसाइटवर शेकड्यांनी आहेत.

आत्या : मुरूम भरती-ओहोटीने येतात. माणूस क्लिनिकची पायरी चढतो तो बहुधा सगळ्यात वाईट दिवशी. त्यानंतर काहीही केलं नाही तरी थोडं उतरतंच. शिवाय सिटिंग चालू असताना तो क्रीमही लावत असतो, तोंडही नियमाने धूत असतो. म्हणून शेजारी दुसरा गट हवा. पल्स्ड डाय लेझरचं उदाहरण घे. पिवळा झोत, रक्तवाहिन्यांवर पडणारा. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ४१ जणांचा अभ्यास आला : एका सिटिंगनंतर बारा आठवड्यांत खोट्या उपचाराच्या गटापेक्षा स्पष्ट फरक. सगळीकडे उत्साह. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ‘जामा’मध्ये ४० जणांचा अभ्यास आला. एका गालावर लेझर, दुसऱ्यावर काही नाही. दोन्ही गालांत म्हणण्यासारखा फरक नाही!

ओंकार : मग खरं कोण?

आत्या : दोघेही प्रामाणिक. नमुना लहान, सेटिंग वेगळी, मोजायची पद्धत वेगळी. म्हणून २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सगळं एकत्र करून पाहिलं : प्रकाश-उपचारांच्या ७१ चाचण्या, ४,२११ माणसं. निष्कर्ष असा की बहुतेक पुरावा कच्चा आहे, नेहमीच्या औषधांशी थेट तुलना फार कमी आहे, आणि दुष्परिणामांची नोंदही नीट ठेवलेली नाही.

ओंकार : मग सगळीच यंत्रं बाद?

आत्या : बाद नाहीत. आत्तापर्यंत आपण जंतू आणि लाली यांच्यावर पडणारी यंत्रं पाहिली. तीव्र मुरमांत खरी गंमत तेलग्रंथीपाशी आहे. तिला हात घातला तरच परिणाम टिकतो. तिथे जाण्याचे चार रस्ते शोधले गेले.

ओंकार : पहिला?

आत्या : फोटोडायनॅमिक थेरपी, पीडीटी. अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड किंवा त्याचं मिथाइल रूप चेहऱ्याला लावून एक ते तीन तास झाकून ठेवतात. तेलग्रंथी ते ओढून घेते आणि त्याचं पॉर्फिरिन करते. म्हणजे जंतूत जे आपोआप होतं ते इथे ग्रंथीतच घडवून आणलं. मग लाल प्रकाश टाकतात, तो खोल जातो, आणि ग्रंथी काही काळ आखडते. २००० मध्ये अमेरिकेत २२ जणांच्या पाठीवर हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं गेलं. २००६ मध्ये स्वीडनमध्ये ३० जणांवर केलेला अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायची. चेहऱ्याच्या एका बाजूला खरं क्रीम, दुसऱ्या बाजूला खोटं, प्रकाश दोन्हीकडे तोच. बारा आठवड्यांनी खऱ्या बाजूचे दाहक मुरूम ५४ टक्क्यांनी कमी, खोट्या बाजूचे २० टक्क्यांनी.

ओंकार : म्हणजे कंट्रोल साइडलाही वीस टक्के मिळाले. तेवढे कुठल्याही जाहिरातीत फुकट जमा होतात!

आत्या : बरोब्बर पकडलंस. आता तोटा ऐक. दुखतं, आणि चांगलंच दुखतं. चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, सुजतो, खपल्या धरतात, काहींना आधी मुरमांचा भडका उडतो. दोन दिवस उन्हात आणि प्रखर दिव्यात जायचं नाही. सावळ्या त्वचेवर डाग राहण्याची शक्यता आहेच. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत पीडीटीला जागा दिली आहे, पण अटी घालून : वय अठराच्या पुढे, मुरूम मध्यम ते तीव्र, आणि बाकीचे उपचार लागू पडत नसतील, सोसत नसतील किंवा देता येत नसतील तर.

ओंकार : दुसरा रस्ता?

आत्या : पाण्याचा. १४५० नॅनोमीटरचा डायोड लेझर. ती तरंगलांबी पाणी शोषतं आणि त्वचेत पाणी सगळीकडेच असतं. म्हणजे ग्रंथी ज्या थरात आहे तो अख्खा थर तापवायचा आणि वरून थंड फवारा मारून पृष्ठभाग वाचवायचा. मेलॅनिनचा अडथळा टळला, पण नेम ढोबळ राहिला. दुखणं आणि त्या फवाऱ्यामुळे पडणारे डाग, यामुळे तो मागे पडला. तिसरा रस्ता म्हणजे सोन्याचे सूक्ष्म कण छिद्रांत चोळून बसवायचे आणि ८०० नॅनोमीटरच्या लेझरने ते कण तापवायचे. २०१८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, पण ते यंत्र फार चाललं नाही.

ओंकार : कल्पना भारी आहे मात्र. लक्ष्य रंगीत नाही, तर आपणच रंगवायचं.

आत्या : आणि चौथा रस्ता तुला सगळ्यात आवडेल. तेल स्वतः कोणती तरंगलांबी शोषतं? अडचण अशी की इन्फ्रारेडमध्ये जवळजवळ सगळीकडे पाणी तेलाला मागे टाकतं. अँडरसन यांच्या गटाने व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबमधला फ्री इलेक्ट्रॉन लेझर वापरला. त्याची तरंगलांबी हवी तशी फिरवता येते. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की काही अरुंद पट्ट्यांत चरबी पाण्यापेक्षा जास्त शोषते. त्यातला एक १७२० च्या आसपास. मुरमांच्या तेलाचं शोषण तिथे पाण्याच्या सुमारे दुप्पट आहे.

ओंकार : दुप्पटच? मला वाटलं शंभरपट असेल. इतक्या कमी कॉन्ट्रास्टवर ग्रंथी तेवढी तापवायची आणि शेजार वाचवायचा?

आत्या : म्हणूनच प्रयोगशाळेतून दवाखान्यात यायला सोळा वर्षं लागली. खरं काम कूलिंगचं आहे. १७२६ नॅनोमीटरची दोन यंत्रं २०२२ मध्ये अमेरिकेत आली. एव्हिक्लिअर त्वचेला टेकवलेल्या गार नीलमण्याच्या खिडकीतून थंडावा देतं. ॲक्युअर थंड हवा मारतं आणि कॅमेऱ्याने त्वचेचं तापमान मोजत राहतं. एव्हिक्लिअरची पद्धत अशी : साधारण अर्ध्या तासाच्या तीन सिटिंग, महिन्या-महिन्याच्या अंतराने.

ओंकार : मेलॅनिन?

आत्या : १७२६ ला ते जवळजवळ पारदर्शक. त्यामुळे गोऱ्यापासून गडद काळ्या त्वचेपर्यंत सगळ्यांना अभ्यासात घेता आलं. १०४ रुग्ण. शेवटच्या सिटिंगनंतर बारा आठवड्यांनी सुमारे ८० टक्के रुग्णांचे दाहक मुरूम निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले होते, आणि सहा महिन्यांनी ते प्रमाण ८७ टक्क्यांपर्यंत गेलं. यंत्र थांबल्यावर परिणाम वाढत जावा ही गोष्ट वेगळी आहे. निळ्या प्रकाशात असं दिसत नाही. ग्रंथीवर खरंच काम झाल्याची ही खूण.

ओंकार : आता मी विचारतो. कंट्रोल काय होता?

आत्या : नव्हता. एकच गट, सगळ्यांना लेझर, सगळ्यांना माहीत.

ओंकार : मग त्या ऐंशीतून फुकटचे किती वजा करायचे ते कळत नाही.

आत्या : नेमकं हेच. तरी सहा महिने टिकणारी आणि वाढत जाणारी सुधारणा नुसत्या ओहोटीने समजावता येत नाही, त्यामुळे मी या यंत्राकडे आशेने बघते. पण तीव्र मुरमांवर देतात त्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळीशी याची समोरासमोर मोठी चाचणी व्हावी, मग मी म्हणेन तोडीस तोड. तुझ्या पत्रकातल्या ‘एफडीए’चंही, म्हणजे अमेरिकेतल्या नियामक संस्थेचंही, तसंच. एखाद्या उपकरणाला तिथे परवानगी मिळते ती बऱ्याचदा आधीच्या उपकरणासारखंच सुरक्षित आणि उपयोगी आहे एवढं दाखवून. औषधापेक्षा ते सरस आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

ओंकार : एक राहिलं. मित्राने सुयांवाली आरएफ केली होती.

आत्या : मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सी. यात प्रकाश नाहीच. बारीक सुया त्वचेत उतरतात आणि टोकाशी विजेने उष्णता देतात. दारातली गर्दी ओलांडून थेट आत. म्हणून सावळ्या त्वचेला ती बरी पडते, तेलही काहीसं घटतं. पण तिचा खरा उपयोग खड्ड्यांसाठी आहे. पू भरलेल्या चेहऱ्यावर सुया फिरवण्याआधी मुरूम आटोक्यात आणायचे. आणि हात शिकलेला हवा. भाजणं, व्रण, चेहऱ्याची चरबी झिजणं, नसांना इजा अशा तक्रारी आल्यावर २०२५ मध्ये एफडीएने या यंत्रांबद्दल सावधगिरीची सूचना काढली.

ओंकार : सगळं ऐकल्यावर वाटतं, तू मला गोळीच देणार.

आत्या : तुझ्या गाठी आणि खड्डे पाहता, हो. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शिका काढली. तीव्र मुरमांना, किंवा खड्डे पडत असतील तर, आयसोट्रेटिनोइनची ठाम शिफारस. लेझर आणि प्रकाशयंत्रांबद्दल शिफारस करावी इतका पुरावा नाही, असं स्पष्ट लिहिलंय. ही गोळी १९८२ पासून वापरात आहे आणि आपण मोजलेल्या चारही गोष्टींवर परिणाम करणारं ते एकच औषध आहे : ग्रंथी आकसते, बूच बसत नाही, तेल आटल्यावर जंतूंना थारा राहत नाही, दाह उतरतो. कोर्सची एकूण मात्रा साधारण वजनाच्या दर किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम धरतात.

ओंकार : माझं वजन साठ. म्हणजे ७,२०० ते ९,००० मिलिग्रॅम. रोज तीसची घेतली तर आठ ते दहा महिने.

आत्या : सुरुवात त्याहून कमी डोसने करू, नाहीतर गाठी आधी भडकतात. ओठ फुटतील, नाकातून कधी रक्त येईल, डोळे कोरडे पडतील. रक्तातली चरबी आणि यकृताची तपासणी आधी आणि मधे करावी लागेल. मन उदास वाटलं, झोप उडाली, तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. डॉक्सीसायक्लिन तिच्यासोबत अजिबात घ्यायचं नाही, डोक्यातला दाब वाढू शकतो. कुठल्या केमिस्टने दिलं तरी नाही.

ओंकार : पण इंटरव्ह्यू दीड महिन्यावर आहेत. तोवर साफ होणार नाही ना?

आत्या : नाही होणार. पत्रकातल्या सहा सिटिंगनेही नसतं झालं. दुखणाऱ्या मोठ्या गाठीत हलक्या मात्रेचं स्टेरॉइड इंजेक्शन देता येतं, ती दोन-तीन दिवसांत बसते. ते दवाखान्यात, मी मोजून देईन, ट्यूबमधून नाही.

ओंकार : मग यंत्र कोणासाठी? गोळी एवढी चांगली असेल तर त्यांचं काम काय?

आत्या : ज्यांना गोळी देता येत नाही त्यांच्यासाठी. तुझ्या मेघनाताईचंच बघ. तिलाही मुरूम आहेत, हनुवटीवर, पाळीच्या आधी वाढतात. आणि ती बाळाचा विचार करतेय. आयसोट्रेटिनोइनने गर्भात गंभीर व्यंग होऊ शकतं. गोळी चालू असताना आणि थांबल्यावर किमान एक महिना गर्भ राहता कामा नये. अमेरिकेत २००६ पासून यासाठी नोंदणीचा सक्तीचा कार्यक्रम आहे. आपल्याकडे भिस्त डॉक्टर आणि रुग्ण यांच्यावर. तिला मी ती गोळी लिहिणार नाही. ॲझेलेइक ॲसिड, थोड्या भागावर बेंझॉइल पेरॉक्साइड, हे चालतं. त्याला निळ्या-लाल प्रकाशाची जोड देता येईल, डागांवर लक्ष ठेवून. तिच्यासाठी यंत्राला अर्थ आहे, कारण तिच्यापुढचे बरेच दुसरे रस्ते बंद आहेत. तसंच यकृताचा त्रास असलेले, गोळी न सोसणारे, गोळीनंतर पुन्हा पुन्हा मुरूम येणारे. १७२६ वालं यंत्र उद्या सहज मिळायला लागलं तर पहिला हक्क या लोकांचा.

ओंकार : आणि माझ्यासाठी कधीच नाही?

आत्या : आहे की. मुरूम शांत झाल्यावर खड्ड्यांसाठी. तेव्हा सुयांवाली आरएफ किंवा फ्रॅक्शनल लेझर यांचा विचार करू. पैसे जपून ठेव, ते तिथे सार्थकी लागतील. तोवर कुठल्याही क्लिनिकमध्ये गेलास तर एवढं विचार : यंत्राचं नाव आणि तरंगलांबी काय, ती कशावर पडते, माझ्या रंगाच्या किती रुग्णांवर तुम्ही वापरलंय, आधी कानामागे टेस्ट पॅच कराल का, आणि मशीन चालवणारा कोण? भिंतीवर एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक दिसला पाहिजे. चार दिवसांचा कोर्स केलेल्याच्या हाती चेहरा द्यायचा नाही.

ओंकार : आणि आजपासून काय करू?

आत्या : मी लिहून देईन ते बेंझॉइल पेरॉक्साइड, सकाळी. जुना टॉवेल आणि पांढरा अभ्रा वापर, रंगीत कपड्यावर त्याचे विटके डाग पडतात आणि आई मला ऐकवेल. गाठी फोडायच्या नाहीत. सोमवारी दवाखान्यात ये, रीतसर केसपेपर काढू. घरच्या गप्पांवर मी ही गोळी सुरू करत नसते. येण्याआधी रक्त देऊन ये. उपाशीपोटी. आणि उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही, ओंकार.